टोकियोचं हॉटेल ओकुरा: जुनी इमारत पाडली, लॉबी परत उभी केली. नेमकं काय झालं?

मैथिली_प

नमस्कार. इथे जपानमध्ये राहणारी मंडळी आहेत आणि आर्किटेक्टही आहेत, म्हणून हा धागा.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी बाबा कंपनीच्या कामाने टोकियोला गेले होते. उतरले होते साध्याच ठिकाणी, पण ज्यांच्याशी बोलणी चालू होती त्या लोकांनी पहिली भेट हॉटेल ओकुराच्या लॉबीत ठेवली होती. ती लॉबी बाबांच्या मनात कायमची बसली. छतावरून सोडलेले दिवे, बुटक्या खुर्च्या, आणि इतकी माणसं असूनही कुणाचा आवाज चढलेला नाही, हे ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे. आता त्यांना प्रवास झेपत नाही. मी ऑक्टोबरमध्ये टोकियोला जाते आहे, तर तिथून त्यांना व्हिडिओ कॉल लावावा असं मनात आहे.

शोधायला बसले आणि गोंधळ झाला. एकीकडे लिहिलंय की ओकुरा २०१५ मध्ये बंद करून पाडलं. दुसरीकडे हल्लीचे फोटो आहेत आणि त्यांत तेच दिवे, त्याच खुर्च्या. मग पाडलं काय आणि राहिलं काय? आणि जगभरातून लोक विनवण्या करत असताना चांगली चालती इमारत पाडली तरी का? बाबांना "हीच ती जागा" असं सांगितलं तर ते खरं ठरेल का, हे मला जाण्याआधी कळायला हवं.

गवाक्ष

मैथिली, जमीन तीच आहे, इमारत ती नाही, आणि लॉबीचं उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. मी टोकियोत स्थापत्याच्या कामात बरीच वर्षं आहे, जुन्या ओकुरात खूपदा बसलोय आणि नव्यातही जातो. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे मुळापासून लिहितो.

गोष्ट सुरू होते ती दुसऱ्याच एका हॉटेलात. टोकियोच्या हिबिया भागातल्या इम्पीरियल हॉटेलची नवी इमारत बांधायचं काम फ्रँक लॉइड राइट या अमेरिकी आर्किटेक्टला मिळालं तेव्हा हॉटेलचे अध्यक्ष होते किहाचिरो ओकुरा. १ सप्टेंबर १९२३ ला, उद्घाटनाच्याच दिवशी, कांतोचा महाभूकंप झाला आणि राइटची इमारत त्यातून उभी राहिली. पुढे किहाचिरोंचे चिरंजीव किशिचिरो यांच्याकडे हॉटेलची सूत्रं आली. हा माणूस केंब्रिजला शिकलेला, मोटारींचा वेडा, १९०७ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत दुसरा आलेला. महायुद्धानंतर अमेरिकी अमलात मोठी उद्योगघराणी मोडली गेली, किशिचिरोंना पदांवरून दूर व्हावं लागलं आणि इम्पीरियल हातचं गेलं. ते त्यांना फार लागलं असणार, कारण सत्तरी उलटल्यावर त्यांनी पुन्हा शून्यापासून हॉटेल काढायचं ठरवलं. जागा तोरानोमोनच्या टेकडीवरची, घराण्याच्या वाड्याची, शेजारी अमेरिकेची वकिलात.

वेळही नेमकी साधली गेली. १९५९ मध्ये टोकियोला १९६४ चं ऑलिम्पिक मिळालं आणि परदेशी पाहुण्यांना उतरवायला शहरात पुरेशा खोल्याच नव्हत्या. मे १९६२ मध्ये ओकुरा उघडलं, १९६३ मध्ये हिल्टन, १९६४ मध्ये न्यू ओतानी आणि टोकियो प्रिन्स. बाकीच्यांना आपण पाश्चात्त्य हॉटेलांच्या तोडीचे आहोत हे दाखवायचं होतं. किशिचिरोंचा हट्ट वेगळा होता: परदेशी पाहुण्याने आत पाऊल टाकलं की आपण जपानमध्ये आहोत हे त्याला कळलं पाहिजे, आणि ते नकली देऊळ किंवा किल्ला न उभारता कळलं पाहिजे. हॉटेल उघडल्यावर वर्षभराच्या आत, फेब्रुवारी १९६३ मध्ये, ते गेले.

तो हट्ट ज्यांनी प्रत्यक्षात आणला ते योशिरो तानिगुची. डिझाइन समितीचे प्रमुख आणि लॉबीचे कर्ते. जन्म १९०४ चा, कानाझावाचा, घर कुतानी पद्धतीची चिनी मातीची भांडी करणाऱ्यांचं. मला वाटतं, त्यांच्या कामात पृष्ठभागाला जो मान आहे तो तिथून आला. बाहेरच्या भिंतींवर त्यांनी तिरक्या चौकटींच्या फरशा आणि मध्ये जाड उठावदार सांधे असं काम घेतलं. हे जुन्या जपानी कोठारांच्या भिंतींचं काम, आग आणि पाणी यांपासून बचावासाठी केलेलं. त्यांनी ते काँक्रीटच्या आधुनिक हॉटेलावर आणलं आणि ते कुठेही उपरं वाटलं नाही.

आता लॉबी. रिसेप्शनच्या पातळीवरून चार-दोन पायऱ्या उतरून खाली जायचं. त्या पायऱ्यांचं महत्त्व फोटोत कळत नाही. उतरताना पाऊल आपोआप मंदावतं, आवाज आपोआप उतरतो. बाबांना जी शांतता आठवते तिच्यामागे या पायऱ्यांचाही वाटा आहे, गालिच्याचाही आहे, आणि छताच्या उंचीच्या मानाने बुटक्या ठेवलेल्या खुर्च्यांचाही आहे. बसलेल्या माणसाचं डोकं फार वर येत नाही, त्यामुळे खोली भरलेली असली तरी मोकळी वाटते. लाखेच्या कामाचं गोल टेबल आणि भोवती पाच खुर्च्या, अशी मांडणी. खाली बसून नुसतंच टेबल दिसतं. वरच्या सज्जात जाऊन कठड्यावरून खाली पाहिलं की प्रत्येक टेबल म्हणजे प्लमचं फूल होतं: मधला गोल आणि पाच पाकळ्या.

दिवे म्हणजे पैलू पाडलेल्या मण्यांच्या माळा. जपानमध्ये कोफुन काळातल्या, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत असे स्फटिकाचे मणी सापडतात, तो आकार तानिगुचींनी घेतला. खिडक्यांना शोजीचा, म्हणजे जपानी लाकडी चौकटींवर ताणतात तो कागद, त्यावर बारीक लाकडी जाळी, आणि बाहेर बांबू. दुपारच्या उन्हात बांबूची सावली कागदावर हलायची. एका भिंतीवर जगाचा नकाशा आणि त्यावर गावोगावच्या वेळा. पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीच्या जमान्यात प्रवाशाला हे किती कामाचं होतं याची आज कल्पना येत नाही.

हे सगळं चांगलं होतं, मग पाडलं का, हा तुमचा खरा प्रश्न. कारणं एकात एक गुंतलेली आहेत.

१९६२ मध्ये टोकियोत ३१ मीटरपेक्षा उंच बांधायला मनाई होती. ओकुराची ठेंगणी, पसरट, टेकडीला धरून बसलेली आकृती काही अंशी या नियमाचं फळ. पुढच्याच वर्षी नियम सैल झाला आणि न्यू ओतानी १७ मजल्यांचं झालं. १९६८ मध्ये तर ओकुरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कासुमिगासेकीची ३६ मजली इमारत उभी राहिली. त्या दिवसापासून तोरानोमोनमधल्या प्रत्येक जुन्या इमारतीच्या डोक्यावर न बांधलेले मजले तरंगायला लागले. जमिनीचा हिशेब तिच्यावर काय आहे यापेक्षा काय चढवता येईल यावर होऊ लागला.

दुसरं कारण भूकंपाचं. जपानचे बांधकामाचे भूकंपविषयक निकष १९८१ मध्ये आमूलाग्र बदलले. २०११ च्या भूकंपानंतर, २०१३ मध्ये कायदा आणखी कडक झाला: जुन्या निकषांवर बांधलेल्या मोठ्या हॉटेलांनी, दुकानांनी, इस्पितळांनी आपली तपासणी करून निष्कर्ष २०१५ अखेर सरकारला द्यायचे आणि सरकार ते जाहीर करणार. हॉटेलवाल्यासाठी याचा अर्थ फार गंभीर. पाहुण्यांना ठेवून घेणाऱ्या इमारतीचं नाव चुकीच्या यादीत छापून आलं तर धंदा उठतो. देशभरात कितीतरी जुन्या हॉटेलांच्या मालकांना त्या दोन वर्षांत मजबुतीकरण, नवं बांधकाम किंवा टाळं यांतून एक निवडावं लागलं.

आणि सप्टेंबर २०१३ मध्ये २०२० चं ऑलिम्पिक टोकियोला मिळालं. मे २०१४ मध्ये ओकुराने मुख्य इमारत पाडून नवी बांधायचं जाहीर केलं. एका ऑलिम्पिकने उभी केलेली इमारत दुसऱ्या ऑलिम्पिकच्या तोंडावर गेली.

विरोध झाला, आणि तो मनापासून झाला. बोटेगा वेनेता या इटालियन फॅशन कंपनीचे तेव्हाचे डिझायनर टोमास मायर यांनी लोकांना आपापले ओकुरातले क्षण जगापुढे मांडायला सांगितलं, लंडनच्या मोनोकल मासिकाने मोहीम चालवली, सह्या गोळा झाल्या. पण हाताशी कायदा नव्हता. इथे ५० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची सांस्कृतिक ठेवा म्हणून नोंदणी होऊ शकते, ही सोय १९९६ पासून आहे. पण ती मालकाच्या संमतीने होते आणि तशी नोंद पाडकाम रोखत नाही. खरं संरक्षण मिळतं ते राष्ट्रीय महत्त्वाचा ठेवा ठरल्यावर. महायुद्धानंतरच्या इमारतींना तो मान पहिल्यांदा मिळाला २००६ मध्ये, हिरोशिमातलं आर्किटेक्ट केन्झो तांगे यांचं शांतता संग्रहालय आणि तिथलंच कॅथीड्रल यांना. खाजगी, चालतं, नफा कमावणारं हॉटेल त्या रांगेत कुठे बसणार?

३१ ऑगस्ट २०१५ ला मुख्य इमारत बंद झाली. त्या शेवटच्या आठवड्यांत मी कामावरून सुटलो की तिकडे जायचो. एरवी रिकाम्या असणाऱ्या खुर्च्या भरलेल्या, सज्जात कॅमेऱ्यांची गर्दी. माझ्या लक्षात राहिली ती एक कर्मचारी. पाहुणे उठून गेले की ती यायची, हलवलेली खुर्ची दोन्ही हातांनी धरून टेबलाच्या दिशेने किंचित वळवायची, एक पाऊल मागे जाऊन पाहायची आणि पुढच्या टेबलाकडे जायची. लगेच दुसरे लोक येऊन बसायचे आणि फूल पुन्हा विस्कटायचं. ती पुन्हा यायची. इमारत काही दिवसांत पाडली जाणार हे तिला माहीत होतंच. मी आर्किटेक्ट म्हणून तोवर तानिगुचींच्या रेषांकडे पाहत आलो होतो. त्या संध्याकाळी मला कळलं की ती लॉबी ५३ वर्षं या हातांनी टिकवली होती.

नव्या इमारतीबद्दल वेगळं लिहितो, प्रतिसाद फार मोठा होतोय.

सुहास_इंजि

गवाक्ष यांनी बाहेरची कारणं उत्तम सांगितली. मी हॉटेलांच्या मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलंय, तर आतली सांगतो. मी ओकुरात काम केलेलं नाही, पण त्या वयाची हॉटेलं आतून साधारण सारखीच असतात.

पाहुण्याला दिसते खोली. आम्हाला दिसतो तिच्या बाथरूममागचा शाफ्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी. साठच्या दशकातल्या हॉटेलात एकावर एक असलेल्या सगळ्या बाथरूम एकाच उभ्या पाइपावर असतात. पाइप आतून गंजतो, भोक पडतं सातव्या मजल्यावर आणि ओल दिसते चौथ्यावर. एक खोली बंद ठेवून दुरुस्ती होत नाही, पूर्ण उभी ओळ बंद करावी लागते. दुसरी अडचण स्लॅबची. तेव्हा मजल्यांची उंची कमी ठेवायचे, आणि ओकुराच्या बाबतीत ३१ मीटरमध्ये जास्तीत जास्त मजले बसवायचे म्हटल्यावर ती कमी असणारच. आजचे एसीचे डक्ट, स्प्रिंकलर, केबल हे सगळं फॉल्स सीलिंगच्या वर घालायला गेलं की खोली डोक्यावर येते. खोल्याही लहान. दोन खोल्यांची एक करावी तर मधली भिंत कित्येकदा भार घेणारी निघते.

या सगळ्याला उपाय आहेत. न्यू ओतानीची १९६४ ची मुख्य इमारत २००७ मध्ये मोठं नूतनीकरण करून आजही चालू आहे. त्यामुळे "जुनी झाली म्हणून पाडली" हे अर्धंच उत्तर. दुरुस्तीच्या काळात खोल्या बंद ठेवून जे उत्पन्न बुडतं ते एका बाजूला आणि नव्या टॉवरमधलं ऑफिसांचं भाडं दुसऱ्या बाजूला ठेवलं की मालक लोक काय निवडतात ते मी जवळून पाहिलंय.

केतकी_नागोया

गवाक्ष, एक धागा तुम्ही मुद्दाम राखून ठेवलाय का? राइटच्या इम्पीरियलचं पुढे काय झालं आणि त्यात तानिगुचींचा संबंध काय, तेही लिहा. मी त्या जागेपासून फार लांब राहत नाही, मुलांना घेऊन अनेकदा गेले आहे. ओकुराची गोष्ट त्याशिवाय पुरी होत नाही असं मला वाटतं.

गवाक्ष

केतकीताई, राखून ठेवला नव्हता, पण बरं झालं तुम्ही काढलात.

योशिरो तानिगुची हे नुसते नवं बांधणारे नव्हते. टोकियोत रोकुमेइकान नावाची इमारत होती, ब्रिटिश आर्किटेक्ट जोसाया कॉन्डरने १८८३ मध्ये बांधलेली, मेइजी काळात (१८६८-१९१२) परदेशी पाहुण्यांच्या मेजवान्या तिथे होत. १९४० मध्ये ती पाडली जाताना तानिगुचींनी लोकलच्या खिडकीतून पाहिली. ते दृश्य त्यांना सोसलं नाही, त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं की अशा इमारती कुठेतरी हलवून जपायला हव्यात. पंचवीस वर्षं त्यांनी तो विचार सोडला नाही. शेवटी शाळासोबती मोतोओ त्सुचिकावा, जे मेइतेत्सु रेल्वेत मोठ्या पदावर होते, त्यांच्या साथीने १९६५ मध्ये नागोयाजवळ इनुयामाला मेइजी-मुरा हे खुलं संग्रहालय उघडलं. पाडायला निघालेल्या इमारती सोडवून आणायच्या आणि तिथे पुन्हा उभ्या करायच्या. तानिगुची त्याचे पहिले संचालक.

तिकडे १९६७-६८ मध्ये राइटचं इम्पीरियल पाडलं गेलं. जमीन खचत होती, खोल्या कमी होत्या, आणि हिबियातली जागा सोन्याच्या भावाची. म्हणजे ओकुराची जी कारणं आपण वर वाचली, जवळपास तीच, पाव शतक नव्हे तर अर्धं शतक आधी. फक्त मधला प्रवेश आणि लॉबीचा भाग मेइजी-मुराला नेला. बाहेरून उभारायला १९७६ उजाडलं, आतलं काम पुरं व्हायला १९८५. तानिगुची १९७९ मध्येच वारले.

ज्याने आयुष्यभर इतरांच्या इमारती वाचवल्या त्याची स्वतःची इमारत वाचवायला कायद्यात जागा नव्हती. हे मला अजूनही सलतं.

मग नवं काम कुणाला द्यायचं? लॉबीची जबाबदारी योशिओ तानिगुची यांच्याकडे आली. योशिरोंचे चिरंजीव, न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयाचा २००४ चा विस्तार त्यांचाच. त्यांची स्वतःची शैली काटेकोर, कोरडी म्हणावी इतकी नितळ. इथे त्यांनी ती बाजूला ठेवली आणि वडिलांची खोली परत बांधली. दिवे, टेबलं, खुर्च्या, नकाशा, भिंतीवरचं चार पाकळ्यांच्या फुलांचं रेशमी काम, लाकडी जाळी. दिव्यांच्या आत आता एलईडी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये नवं हॉटेल उघडलं. मधली चार वर्षं शेजारच्या १९७३ च्या इमारतीत हॉटेल चालू होतं, त्यामुळे कर्मचाऱ्यांची साखळी तुटली नाही. मला हे लॉबीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आता दुसरी बाजू. ही लॉबी ४१ मजली काचेच्या टॉवरच्या पोटात आहे. वर ऑफिसं, त्यांच्या वर हॉटेलच्या खोल्या. शेजारी १७ मजल्यांची दुसरी इमारत. दोन्ही मिळून ५०८ खोल्या. जुन्या वेळी आपण टेकडीवर चढून एका ठेंगण्या घरात शिरायचो आणि ते घर आतून अनपेक्षितपणे प्रशस्त निघायचं. तिरक्या चौकटींच्या भिंती, पसरलेले हात, झाडी, मग छज्जा, मग पायऱ्या, मग ती खोली. लॉबी हा त्या वाटेचा शेवट होता. शेवट तसाच्या तसा जपला आहे, वाट गेली. खोलीत उभं राहिलं की हे जाणवत नाही, बाहेर पडून वर पाहिलं की जाणवतं.

अनिरुद्ध७१

माहिती फार सुंदर, पण सूर थोडा जास्तच हळहळीचा वाटला. जपानमध्येच इसेचं मंदिर दर २० वर्षांनी पाडून नवं बांधतात, शेवटचं २०१३ मध्ये बांधलं. तेराशे वर्षांची परंपरा आहे. तिथे कुणी "मूळ मंदिर गेलं" म्हणत नाही. त्यांच्या दृष्टीने रूप आणि कौशल्य टिकलं म्हणजे वास्तू टिकली. मग मुलाने वडिलांची लॉबी परत बांधली हे त्याच परंपरेतलं का मानू नये? विटा-काँक्रीटला चिकटून राहणं ही आपली युरोपकडून आलेली सवय असेल.

गवाक्ष

अनिरुद्ध, मुद्दा वजनदार आहे आणि इथले लोकही तो मांडतात. पण इसेला काय होतं ते नीट पाहू. शेजारी तेवढ्याच मापाचा रिकामा भूखंड राखलेला असतो. नवं मंदिर त्यावर, त्याच मापाने, त्याच झाडाच्या लाकडाचं, त्याच हत्यारांनी. जुने सुतार नव्यांना हाताखाली घेतात, म्हणून २० वर्षांचं अंतर. आणि मंदिर परत बांधताना कुणी त्याच्यावर ४१ मजले चढवत नाही. पुनर्बांधणी तिथे वास्तूसाठी होते. ओकुरात ती जमिनीसाठी झाली, आणि तिच्या आत एका माणसाने वास्तूसाठी जेवढं करता येईल तेवढं केलं. योशिओंच्या कामाबद्दल मला आदरच आहे, माझा वाद आहे तो हिशेबाशी. एका खोलीची किंमत सगळ्यांना कळली आणि इमारतीची कुणाला कळली नाही, असं व्हायला नको होतं.

शिवाय ओकुराला मुलगा मिळाला. प्रत्येक इमारतीला मिळत नाही. बीटल्स १९६६ मध्ये ज्यात उतरले होते ते १९६३ चं टोकियो हिल्टन पुढे कॅपिटल तोक्यु झालं, २००६ मध्ये बंद झालं, पाडलं गेलं. त्या जागी २०१० मध्ये आर्किटेक्ट केंगो कुमांचं नवं हॉटेल आलं, चांगलंच आहे, पण ते नवं आहे. आणि राइटच्या इमारतीला पाडून १९७० मध्ये जे इम्पीरियल उभं राहिलं, तेही आता टप्प्याटप्प्याने पाडून बांधायचं २०२१ मध्ये जाहीर झालंय. काम २०३६ पर्यंत चालणार. साठ-सत्तरच्या दशकांतलं टोकियो असं एकेका हॉटेलाने कमी होतंय.

सुहास_इंजि

कर्मचाऱ्यांच्या साखळीबद्दल गवाक्ष जे म्हणाले त्याला माझा पूर्ण दुजोरा. हॉटेल चार वर्षं बंद राहिलं की लोक पांगतात. मग खुर्ची कुठल्या कोनात ठेवायची हे सांगणारा कुणी उरत नाही, आणि ते कुठल्या ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं.

मैथिली_प

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं रात्री बाबांना वाचून दाखवलं. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पाच पाकळ्यांचं ऐकून ते एकदम म्हणाले की आम्ही पाचच जण होतो त्या टेबलाला, तीन ते आणि दोन आम्ही. पायऱ्यांचंही त्यांना आठवलं.

आता ठरवलंय, त्यांना सगळं खरं सांगूनच कॉल लावायचा. कुठल्या वेळी जावं? राहायला नाही म्हटल्यावर आत जाऊन बसू देतात का? आणि जवळपास तानिगुचींचं मूळ काम, न पाडलेलं, काही बघता येईल का?

गवाक्ष

राहत नसलात तरी लॉबीत शांतपणे बसता येतं, कुणी हटकत नाही. फोनवर मोठ्याने बोलू नका इतकंच. कानात हेडफोन घाला, बाबांना नुसतं दाखवा आणि मग बाहेरच्या चौकात येऊन बोला. त्या चौकात पाण्याचा उथळ हौद आहे आणि समोर १९२७ ची ओकुरा संग्रहालयाची इमारत. बांधकामाच्या वेळी ती पाडली नाही, उचलून काही मीटर सरकवली. तिच्याजवळ उभं राहून टॉवरकडे पाहा, म्हणजे मी वाटेबद्दल काय म्हणत होतो ते कळेल.

दुपारी उशिरा जा, दिवस मावळायच्या आधी. कागदावरचा उजेड उतरत जातो आणि दिव्यांचा चढत जातो, तो बदल तिथे बसून पाहण्यासारखा आहे. वर सज्जात नक्की जा आणि फोन कठड्यावरून खाली धरा. हिबिया लाइनचं कामियाचो किंवा तोरानोमोन हिल्स स्टेशन, दोन्हीकडून चालत अंतर आहे. शेवटी थोडा चढ लागेल.

तानिगुचींचं मूळ काम पाहायचं तर उएनोला राष्ट्रीय संग्रहालयात जा. त्या आवारात उजव्या हाताची तोयोकान ही १९६८ ची इमारत योशिरोंची, आणि डाव्या बाजूला झाडांमागे १९९९ चं होर्युजी देवळाच्या ठेव्याचं दालन योशिओंचं. एका तिकिटात बाप-लेक दोघेही. शहरातलं राजवाड्याजवळचं मॉडर्न आर्टचं राष्ट्रीय संग्रहालय, १९६९ चं, तेही योशिरोंचं. योशिओ २०२४ च्या डिसेंबरात गेले, त्यामुळे या इमारती पाहताना मी आता जास्त वेळ थांबतो.

नागोयाकडे जाणार असाल तर केतकीताईंना विचारा.

केतकी_नागोया

मैथिली, जरूर या. इनुयामा स्टेशनवरून मेइजी-मुराला बस आहे. इम्पीरियलची लॉबी आवाराच्या अगदी टोकाला आहे, म्हणून आधी तिकडे जा, नाहीतर पाय थकल्यावर पोचाल. आतले भाजलेल्या मातीचे नक्षीदार खांब आतून उजळतात आणि वरच्या मजल्यावर चहा-कॉफी मिळते. राइटने वापरलेला ओया नावाचा मऊ दगड फार झिजला होता म्हणून काही भाग नव्याने ओतलेले आहेत, जवळून पाहिलं तर फरक दिसतो. सोमवार-मंगळवार टाळा किंवा आधी वेळापत्रक बघा, हंगामाप्रमाणे सुट्ट्या बदलतात. तारीख ठरली की मला इथेच निरोप द्या, मी येईन तुमच्याबरोबर.